अर्धा सेंटिमीटर कोरा

टोकदार आणि त्यांचा मेहुणा यांच्यात एकोणीस वर्षं विस्तव जात नव्हता, आणि कारण विचारलंत तर चाळीस मीटर. जमिनीचे चाळीस मीटर असते तर एक वेळ समजून घेतलं असतं, लोक त्यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. हे चाळीस मीटर उंचीचे होते. तेही अशा दूरच्या डोंगरात, जिथे दोघांपैकी कोणाचं घर नव्हतं, शेत नव्हतं, एखादी शेळीसुद्धा नव्हती.

दोघंही नकाशा कचेरीत आरेखक. म्हणजे मोजणीला जायचं, उंच्या टिपायच्या आणि परत येऊन कागदावर रेघा काढायच्या. एकाच उंचीच्या सगळ्या जागा जोडणारी जी रेघ, तिला कचेरीत कंटूर म्हणत. रेघा दाट आल्या की चढ खडा, विरळ आल्या की सोपा. एवढं कळलं की नकाशा वाचता येतो, बाकी सगळं शोभेचं. टोकदारांना टोकदार म्हणायचे, कारण त्यांच्या पेन्सिलीचं टोक कधी कोणी बोथट पाहिलं नाही. दर पाच मिनिटांनी सोलायची, हा हाताचा चाळाच होता त्यांचा. जिभेचंही तेच. मेहुण्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असे, म्हणून तो भिंग. टोकदारांच्या लेकीने बोबड्या वयातच त्याचा भिंगमामा करून टाकला.

तसे दोघं शाळेपासूनचे दोस्त. एका बाकावरचे. पुढे टोकदारांनी भिंगाच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हा भिंगाने भर मांडवात सांगितलं होतं की माझी बहीण गेली नाही, दोस्तच घरी आला. असं बोलून ठेवू नये माणसाने. नंतर अडचण होते.

मग ती मोजणी आली. शीट सतरा टोकदारांकडे, शेजारची शीट अठरा भिंगाकडे. काम झालं, दोन्ही शीटा किनारीला किनार लावून टेबलावर मांडल्या, आणि रेघा जुळेनात. टोकदारांची रेघ किनारीला पोचताना अकराशे चाळीस मीटर सांगत होती, आणि तिच्या अगदी नाकासमोर भिंगाची रेघ अकराशे. डोंगर तर एकच. म्हणजे कोणीतरी चुकलं होतं. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती.

आठवडाभर वाद झाला. मग लेखी वाद झाला. शेवटी साहेब वैतागले आणि म्हणाले, “दोघंही किनारीच्या जरा अलीकडेच थांबा. मधली जागा कोरी ठेवा. पुढच्या वर्षी तिसरी तुकडी पाठवून बघून घेऊ.” त्याप्रमाणे दोघांनी मिळून अर्धा सेंटिमीटर कोरा सोडला. गेल्या कित्येक दिवसांत दोघांनी मिळून केलेलं तेवढंच काम. जमिनीवर तो अर्धा सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. तिसरी तुकडी काही गेली नाही, साहेब निवृत्त झाले, आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

घरी सण-समारंभाला गाठ पडायचीच, पण बोलणं बायकोमार्फत. “त्यांना सांग, पंख्याचं बटण त्यांच्या पाठीमागे आहे.” भिंग दोन हातांवर बसलेला. “ह्यांना सांग, मला उकडत नाहीये.” बायको बिचारी मध्ये बसून दोघांकडचं ऐकायची आणि दोघांना सांगायची. पहिली दोन वर्षं ती रडली, नंतर कंटाळली, नंतर तिने निरोप थोडे गाळून द्यायला सुरुवात केली.

आता पुढची गंमत. म्हणजे गंमत कसली, डोंबल. सात वर्षांपूर्वी कचेरीतल्या सगळ्या शीटा कॉम्प्युटरमध्ये गेल्या. कागदाला कोरी जागा चालते, कॉम्प्युटरला चालत नाही. त्याने सतरा आणि अठराच्या मधला कोरा पट्टा बघितला, एका बाजूला अकराशे चाळीस, दुसऱ्या बाजूला अकराशे, आणि कोणालाही न विचारता मधले चाळीस मीटर अडीचशे मीटरांत सारखे वाटून टाकले. झाला छान उतार. आजीने काठी टेकत उतरावा असा. हाच नकाशा पुढे लोकांच्या फोनवर गेला. तिथे सोपे उतार हिरवे दिसतात आणि अवघड तांबडे. त्या सबंध लांबलचक तांबड्या डोंगरात एवढाच एक ठिपका हिरवागार.

टोकदारांना यातलं काही माहीत नव्हतं. काचेवरच्या नकाशाला ते नकाशा म्हणत नसत, आणि निवृत्तीनंतरच्या वर्षभरात त्यांनी एकही उघडला नव्हता. पण लेक डोंगरात वाटाड्याचं काम करायची. जिथे वस्ती नाही, फोनला रेंज नाही, अशा भागात लोकांना आठ-आठ दिवस फिरवून आणायची. या वेळी जाताना तिने टॅबलेट बापाच्या हातात ठेवला. “ही निळी रेघ म्हणजे आमची वाट. हा ठिपका म्हणजे मी. दर दहा मिनिटांनी पुढे सरकेल. अगदीच काही असेल तर उपग्रहावरून मेसेज येतो मला, पण एका वेळी सत्तर अक्षरं. आणि बाबा, अगदीच काही असेल तरच हं.”

पहिल्या तीन दिवसांत टोकदारांनी तिला चौदा मेसेज पाठवले. त्यांतला एक पायमोजे बदलण्याबद्दल होता.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वाआठला ते चहाचा कप घेऊन टॅबलेटवर वाकले. ठिपका डोंगराच्या माथ्यावर होता. निळी रेघ पुढे जाऊन एका हिरव्या तुकड्यावरून खाली उतरत होती. त्यांना ओळखीचं वाटलं. दोन बोटांनी नकाशा मोठा केला. एका बाजूला अकराशे चाळीस. दुसऱ्या बाजूला अकराशे. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

कारण तिथे उतार नव्हता. तिथे सरळसोट कडा होता, आणि टोकदारांना तो ठाऊक होता. साहेबांनी कोरी जागा सोडायला लावल्यावर पंधरा दिवसांनी ते घरी ट्रेनिंगचं सांगून एकटेच तिकडे गेले होते. मेहुण्याची चूक रंगेहाथ पकडायला. माथ्यावरून चालत शीट संपते तिथवर गेले, आणि पुढे पाऊल टाकायला जमीनच नव्हती. चाळीस मीटर खाली भिंगाचे अकराशे शांतपणे पसरले होते. म्हणजे टोकदार बरोबर होते. पण भिंगही बरोबर होता, आणि हे काही त्यांना मानवलं नाही. कडा काढला असता तर दोघांच्या रेघा एका क्षणात जुळल्या असत्या. ते घरी आले आणि मूग गिळून बसले. पुढच्या वर्षी तिसरी तुकडी जाणारच आहे, असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

त्यांनी मेसेज पाठवला. “हिरव्या उताराने उतरू नकोस. तिथे कडा आहे.” पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. “नकाशात कडा नाही. पुढची शीट मामाची म्हणून नको ना?” पाठोपाठ दुसरं. “एकाचा गुडघा सुजलाय, दाट धुकं आहे. हाच एक सोपा उतार. कामात आहे.”

टोकदार खुर्चीत बसले. चूक तिची नव्हती. त्या घरात वाढलेल्या पोरीने आणखी काय समजावं? बाबा ज्याला पूर्व म्हणतील त्याला मामा पश्चिम म्हणणार, यावरच ती मोठी झाली होती.

बायकोने त्यांचा चेहरा पाहिला, टॅबलेट पाहिला, आणि स्वतःच्या फोनवरून मेसेज टाकला. “आई बोलतेय. बाबा खरं सांगतात. थांब.” उत्तर आलं, “बाबांनी तुझा फोन घेतलाय का?”

“दादाने सांगितलं तर ऐकेल,” बायको म्हणाली. “तो खोटं बोलत नाही हे तिला माहीत आहे.”

“आणि मी बोलतो?”

बायकोने गाडीची किल्ली घेतली. भिंगाचा फोन बंद होता. कामाच्या वेळी फोन खणात ठेवणारा तो बहुधा कचेरीतला शेवटचा माणूस, निवृत्तीला तीन महिने उरलेले. वाटेत टोकदारांनी मांडीवर टॅबलेट धरून ठिपका पाहिला. दर दहा मिनिटांनी तो थोडा पुढे सरकत होता. सुजलेल्या गुडघ्याचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले.

कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी तिरकी टेबलं होती तिथे आता मोठ्या पडद्यांचे कॉम्प्युटर होते. एका कोपऱ्यात भिंग बसला होता, गळ्यात भिंग. टोकदारांना पाहून त्याने मान पडद्याकडे वळवली.

“ह्यांना विचार, काय काम काढलंय,” तो बहिणीला म्हणाला.

“त्याला सांग,” टोकदार म्हणाले, “सतरा आणि अठराच्या मधे—”

“मी काही पोस्ट ऑफिस नाही,” बायको म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने टायपिंग थांबवलं. “एकोणीस वर्षं केलं, आज नाही करणार. पोर कड्यावर निघालीये. एकमेकांशी बोला, नाहीतर मी तुमच्या दोघांचीही कोणी नाही.” एवढं बोलून तिने टॅबलेट भिंगापुढे ठेवला आणि स्वतः स्टुलावर बसली.

भिंगाने गळ्यातलं भिंग उचललं. टॅबलेटवर भिंग लावून काही मोठं दिसत नाही, पण सवय. त्याने निळी रेघ पाहिली, ठिपका पाहिला. त्याचा रंग उडाला.

टोकदारांनी घसा खाकरला. एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं, याची त्यांनी कधी काळी मनात खूप तयारी केली होती. त्यात ते नेहमी जिंकायचे.

“तिथे कडा आहे,” ते म्हणाले. “मी पाहिलाय. तेव्हाच पाहिला होता, वरून. तुझे अकराशे बरोबर होते.”

भिंगाने हातातलं भिंग सोडून दिलं.

“माहीत आहे,” भिंग म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“कडा. मीही गेलो होतो, तुझ्यानंतर लगेचच. तुझी चूक धरायला. पायथ्याशी उभा राहिलो तर समोर भिंत. उत्तरेला एक घळ आहे, तिच्यातून वर चढलो. माथ्यावर पेन्सिलीच्या साली पडल्या होत्या. ताज्या.” त्याने मान खाली घातली. “म्हणजे तू येऊन गेलास, हे कळलं. म्हटलं, हा बोलेल. हा बोलला की मी बोलेन.”

इतकी वर्षं टोकदार आपण एकट्यानेच लपवतोय असं समजून कुढत होते. त्यातही याने बरोबरी केली होती. क्षणभर त्यांना त्याचाही राग आला, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

बायको दोघांकडे पाहत होती. “म्हणजे दोघंही ट्रेनिंगला गेला होतात,” ती म्हणाली.

“फोन काढ,” टोकदार म्हणाले. “दोघांच्या फोनवरून गेला पाहिजे. आणि शब्द एक न् एक सारखे. तरच तिला पटेल.”

भिंगाने खणातून फोन काढला, सुरू केला. तो सुरू व्हायला दीड मिनिट लागलं. ठिपका आणि पट्टा यांच्यात आता चारशे मीटर उरले होते.

“लिही,” भिंग म्हणाला. “शीट सतराच्या किनारीला कडा—”

“सतराच्या? कडा अठरावर येतो.”

“पायथा अठरावर. कडा धरायचा तर माथ्यापासून, आणि माथा तुझा.”

“नियमाप्रमाणे कडा पायथ्याच्या शीटवर—”

“माझ्या पोरीच्या पायाखाली आहे तो!” बायको ओरडली. या वेळी आवाज चढला होता, आणि सबंध मजला उभा राहिला.

दोघांनी मुकाट्याने माना खाली घातल्या आणि लिहिलं. पुढे चाळीस मीटरचा कडा. हिरवा उतार खोटा. आहेस तिथे थांब. भिंगाने ‘थांब’वर टिंब आहे का ते दोन्ही फोनवर तपासलं. दहा एक्केचाळीसला दोघांनी एकदमच बटण दाबलं. मग भिंगाने आणखी एक लिहिला आणि टोकदारांनी तो पाहून पाहून उतरवला. उत्तरेला सहाशे पावलांवर घळ. तिथून उतरता येतं.

आणि मग काही करायचं उरलं नाही.

दहा पन्नासला ठिपका सरकला. तो आता बरोबर त्या पट्ट्याच्या काठावर होता. नकाशावर तिथे नुसता हिरवा रंग. शेजारच्या माणसाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तो कोणी घेतला नाही. अकरा वाजता ठिपका पुन्हा उमटला, आणि जागचा हलला नव्हता.

“थांबली,” बायको म्हणाली.

दोघा आरेखकांपैकी कोणीच हो म्हणालं नाही. थांबलेल्या माणसाचा ठिपका हलत नाही. पण खाली पडलेल्या यंत्राचाही हलत नाही, आणि वरून पाहणाऱ्या उपग्रहाला चाळीस मीटर खाली की वर हे या नकाशावर दाखवता येत नाही. दोघांनाही हे कळत होतं, आणि दोघांनाही कळतंय हेही कळत होतं. टोकदारांचा हात टेबलावर होता. भिंगाने त्यावर आपला हात ठेवला. टोकदारांनी तो काढला नाही. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी दोन्ही फोन एकदम वाजले.

“दोघांचे शब्द सारखे? मग खरंच असणार. थांबलो. धुकं विरलं. पाच पावलं.”

बायकोने पदराने तोंड झाकलं. टोकदार खुर्चीतच मागे रेलले आणि छताकडे बघत राहिले. भिंगाने भिंग पुसायला घेतलं आणि पुसतच राहिला. शेजारच्याने टाळी वाजवली, पण कोणी साथ दिली नाही म्हणून थांबला. दोन-तीन मिनिटं अशी गेली, ज्यांत टोकदार आयुष्यात कधी नव्हते इतके सुखी होते.

फोन पुन्हा वाजले. दोन्ही.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

टोकदारांनी भिंगाकडे पाहिलं. भिंगाने टोकदारांकडे. बायकोने दोघांकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. मदतीला ती येणार नव्हती. सत्तर अक्षरं पडली होती. तिसऱ्या तुकडीबद्दल लिहिता आलं असतं, साहेबांबद्दल लिहिता आलं असतं, कॉम्प्युटरबद्दल तर हमखास. टोकदारांनी ‘तेव्हा परिस्थिती’ एवढं लिहिलं आणि पुसलं.

“काय लिहितोस?” भिंगाने विचारलं.

“जे आहे ते. एकोणीस वर्षं.”

“मीही तेच लिहितो.”

दोघांनी लिहिलं, दोघांनी पाठवलं. ठिपका उत्तरेकडे सरकू लागला. पन्नास पावलं, शंभर, दोनशे. घळीच्या तोंडाशी पोचल्यावर उत्तर आलं. त्यात बाबा नव्हतं, मामा नव्हतं.

“परवा दुसरा गट याच वाटेने येतोय. त्यांच्याकडेही हाच नकाशा आहे.”

टोकदारांनी ते तीनदा वाचलं. त्यांना पहिल्यांदाच आपल्या लेकीची भीती वाटली, आणि ती कधी परत येईल याचीही. भिंग उठला, कॉम्प्युटरवर सतरा आणि अठरा उघडल्या आणि हिरवा उतार पुसून टाकला. मधे पुन्हा कोरा पट्टा उमटला. त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यावर थाप मारली.

“बस,” तो म्हणाला. “माथा कुठून सुरू होतो, ते तू सांग.”

टोकदार बसले. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. भिंगाने खात्रीसाठी त्यांना पुन्हा एकदा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा एकदा नीट सांगितलं.